मे महिन्याच्या भरवशावर राहू नका. वाळवण, लोणचं आणि वाळलेलं मटण टिकतं कशानं?

कात्रज : २०२५ चा मे महिना आपल्या भागातल्या बायका लवकर विसरणार नाहीत. शाळेला सुट्टी लागली, पोरं-पाहुणे घरी आले, आता कुरडया-पापडाला बसू, असं म्हणेपर्यंत मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस सुरू झाला. बारामती, इंदापूर, दौंडकडे २५ मेच्या आसपास ओढे-नाले फुटले आणि २६ मेला मान्सून मुंबई-पुण्यात पोहोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. एरवी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. म्हणजे वाळवणाचा खरा पंधरवडा पावसानंच खाल्ला. गच्चीवरच्या कुरडया अर्ध्या ओल्या गोळा कराव्या लागल्या, मिरची घरात पंख्याखाली पसरावी लागली आणि कैरी ऐन लोणच्याच्या वेळी भिजलेली बाजारात आली.

शेतातल्या नुकसानीचे पंचनामे होतात. वाळवणाचा पंचनामा कोण करणार? पण चार माणसांच्या घरात वर्षभराचं तिखट, पापड, कुरडया, सांडगे, लोणचं असा सगळा हिशेब धरला तर त्यात काही हजार रुपये आणि पंधरा दिवसांची मेहनत असते. म्हणून कोणती वस्तू कधी करायची, ती टिकते कशामुळं आणि कुठं चूक झाली तर नुसतं नुकसान न होता जिवावर बेतू शकतं, हे नीट समजून घेऊ.

सगळा खेळ पाण्याचा

अन्न नासवणारे जंतू आणि बुरशी यांना जगायला पाणी लागतं. आपण जे काही टिकवतो त्यात एकच गोष्ट करतो, ती म्हणजे हे पाणी त्यांना मिळू द्यायचं नाही. उन्हात वाळवलं की पाणी उडून जातं. मीठ लावलं की फोडीतलं पाणी बाहेर येतं, त्यालाच आपण खार सुटला म्हणतो, आणि जे आत राहतं ते मीठ धरून ठेवतं. साखर आणि गूळ हेच काम करतात, म्हणून मुरंब्यात पाक घट्ट लागतो. आंबटपणाचं काम वेगळं आहे. कैरी, लिंबू, चिंच, आवळा यांच्या आंबटात बहुतेक घातक जंतू वाढत नाहीत.

तेलाबद्दल मात्र आपल्याकडे गैरसमज आहे. तेल काही टिकवत नाही. लोणच्यावर तेलाचा थर असला की वरून हवा लागत नाही आणि बुरशी धरत नाही, एवढंच त्याचं काम. खाली मीठ आणि आंबट कमी पडलं असेल तर वर चार बोटं तेल ओतूनही उपयोग नाही. उलट धोका वाढतो, तो कसा हे लसणाच्या लोणच्यापाशी सांगतो.

वाळवण : मार्च-एप्रिलमध्येच

कात्रजच्या डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे हवा वेगळी असते, हे रोज घाट चढणाऱ्याला सांगायला नको. बोगद्यापलीकडे खेड शिवापूर, नसरापूर आणि तिथून पश्चिमेला भोर-वेल्ह्याकडे गेलं की पाऊस वाढत जातो. अलीकडे पुण्याच्या बाजूला ऊन जरा जास्त टिकतं. पण मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिल दोन्हीकडे चांगले. या दिवसांत दुपारची हवा एकदम कोरडी असते. वाळवणाला नुसती उष्णता पुरत नाही, हवा कोरडी लागते. मेच्या शेवटी पारा तेवढाच असतो, पण हवेत दमटपणा चढलेला असतो. म्हणून एप्रिलमध्ये दोन दिवसांत कडकडणारी कुरडई मेअखेरीस चार दिवस घेते.

तेव्हा क्रम असा ठेवा. ज्याला जास्त ऊन लागतं ते आधी. मिरची, हळद, धने हे मसाल्याचं सामान मार्चमध्ये. कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चिकवड्या, बटाट्याचा कीस आणि वेफर एप्रिलच्या मध्यापर्यंत. सांडगी मिरची, म्हणजे ताक-मिठात भिजवून वाळवायची मिरची, रोज ताकातून काढून उन्हात आणि संध्याकाळी परत ताकात, असं चार-पाच दिवस चालतं. तीही याच काळात धरावी. उडदाचे पापड शेवटी ठेवले तरी चालतील. ते सावलीतच वाळवायचे असतात, कडक उन्हात तडकतात.

कुरडईला गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो आणि पाणी रोज बदलावं लागतं. म्हणजे आज गहू भिजवला तर घालायचा दिवस तीन दिवसांनी येणार आणि वाळायला आणखी दोन-तीन दिवस. एकूण सहा दिवसांचं हवामान आधी बघायला पाहिजे. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहेच. भारतीय हवामान खातं, पाषाणची आयआयटीएम आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी २०१९ मध्ये काढलेलं मेघदूत ॲप मराठीत आहे आणि त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो. आपण ते फवारणीसाठी बघतो. गहू भिजवायच्या आधीही बघा.

आणि गहू भिजवल्यावरच आभाळ आलं तर? वाटून गाळलेला चीक फ्रिजमध्ये एक-दोन दिवस राहतो, वरचं पाणी रोज बदलायचं. त्याहून जास्त दिवस ढग राहतील असं दिसलं तर सरळ चीक शिजवून दूध-गुळाबरोबर खाऊन टाका, पोरं खूश होतात. कुरडया घातल्यावर ढग आले तर घरात बाजेवर सुती कापड टाकून पंख्याखाली ठेवा आणि खालूनही हवा खेळू द्या. प्लॅस्टिकच्या कागदानं झाकू नका. आत घाम धरतो आणि एका रात्रीत वास येतो. संध्याकाळी वाळवण आत घ्यायची आपल्या आजीची पद्धत होती. तिचं कारणही हेच, रात्रीचा दमटपणा वाळलेला माल परत ओढून घेतो.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी लाकडी चौकटीची उतरत्या झाकणाची पेटी करून बघावी. तळाला काळा रंग दिलेला पत्रा, वर पारदर्शक प्लॅस्टिक, खाली समोर आणि वर मागं हवेसाठी भोकं, भोकांना बारीक जाळी. माशी, धूळ, चिमणी यांचा त्रास जातो आणि हलक्या उन्हातही माल वाळतो. भोकं न ठेवता नुसतं प्लॅस्टिक लावलं तर वाळवण उकडतं, हे ध्यानात ठेवा. अंगणाचा प्रश्न आमच्याकडे खराच झालाय. भिलारेवाडी, मांगडेवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी, गुजर निंबाळकरवाडी ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत गेली. इमारती उठल्या. गच्ची आहे, पण तिला सोसायटीचं कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीकडं. एप्रिलमधले पंधरा दिवस गच्ची वाळवणाला मोकळी ठेवा, असा ठराव सोसायटीच्या बैठकीत करून घ्यायला कुणाची ना नसावी.

माल वाळला का हे कसं ओळखायचं? कुरडई मोडल्यावर काड्कन आवाज आला पाहिजे. मिरची हलवली की बी आत खुळखुळलं पाहिजे. शंका असेल तर मिठाची खूण करा. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडी वस्तू आणि चमचाभर कोरडं भाजलेलं मीठ टाका, झाकण घट्ट लावा, हलवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी बघा. मीठ काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर आत अजून ओल आहे. बियाण्याचा ओलावा बघायला शेतकरी हीच युक्ती वापरतात.

मिरचीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. बुरशी लागलेली मिरची परत उन्हात घालून दळू नका. काही बुरशींचं विष, ज्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात, उन्हानं जात नाही आणि फोडणीत तळूनही जात नाही. ते यकृताला मारक आहे. शेंगदाण्याचंही तसंच. २०२५ च्या पावसात भिजलेली मिरची स्वस्तात विकायला आली होती. असा माल देठापाशी फोडून बघावा. आत राखाडी किंवा काळी भुकटी दिसली की तो घ्यायचाच नाही. तयार तिखट घेताना हे बघताच येत नाही, म्हणून मिरची आणून डंकावर दळून घेणं केव्हाही बरं.

कैरी, मीठ आणि बरणी

लोणच्याला गावरान आंबट कैरी उत्तम, नाहीतर मार्केट यार्डात राजापुरी मिळते. कडक, पांढऱ्या गराची, कोय धरलेली घ्यावी. पावसात भिजलेली कैरी वाईट नसते, पण तिच्यावर काळे डाग आणि चिरा असतात आणि बुरशी तिथूनच शिरते. धुवा, पुसा आणि पंख्याखाली कापडावर चार-पाच तास राहू द्या. फोडी केल्यावर पाण्याचा हात लावायचा नाही. सुरी, पाट, परात सगळं कोरडं.

प्रमाण हा खरा मुद्दा आहे. १ किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ. याच्या खाली जाऊ नका. हल्ली रक्तदाबामुळं मीठ कमी करायचं चाललंय. ते बरोबरच आहे, पण मग लोणचं वर्षाचं करू नका. कमी मिठाचं लोणचं फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. वर्षाच्या बरणीत मीठ कमी घालायचं आणि मग जुलैत बुरा आला म्हणून कैरीला नावं ठेवायची, यात कैरीचा काय दोष? रक्तदाब असेल त्यानं लोणचं पूर्ण मिठाचं करून पानात फोड अर्धी घ्यावी.

मीठ जाडं घ्या आणि कढईत कोरडं परतून घ्या, कारण पावसाळी हवेत मिठात पाणी असतंच. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवा. सकाळी सुटलेला खार फेकू नका. त्यात मीठ आणि कैरीचा आंबटपणा दोन्ही उतरलेले असतात. मोहरीची डाळ १०० ग्रॅम, तिखट ७५ ते १०० ग्रॅम, तळून कुटलेली मेथी दोन-तीन चमचे आणि हिंग, हा नेहमीचा मसाला. तेल पाव लिटर कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओता. मोहरी आणि हिंग नुसते चवीला नाहीत, बुरशी रोखायला त्यांची थोडी मदत होते. बरणीला निखाऱ्यावर हिंगाची धुरी देतात तीही त्यासाठीच.

बरणी चिनीमातीची किंवा काचेची. बिनकल्हईच्या पितळ-तांब्याला आंबट लागलं की कळकतं आणि ते पोटात गेलं तर उलट्या होतात. ॲल्युमिनियमलाही आंबट खातं. पहिले आठ दिवस तोंडाला दादरा बांधून ठेवा आणि रोज कोरड्या लाकडी चमच्यानं हलवा, म्हणजे वरच्या फोडी खाली जातात. मग झाकण. फोडींच्या वर तेल एक बोटभर राहिलं पाहिजे. वाढायला लहान बरणी वेगळी ठेवा, मोठीत रोज हात जाऊ देऊ नका. वर पातळ पांढरी साय दिसली तर खार कमी पडलाय, अशी बरणी ठेवून देऊ नका. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं खायचा मोह टाळा, मुळं खालपर्यंत गेलेली असतात.

लसणाचं लोणचं : इथं जपून

लसूण आंबट नसतो आणि जमिनीखाली वाढतो. मातीत बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्यातही टिकतात आणि हवा नसेल तिथंच वाढतात. आता विचार करा, सोललेला ओला लसूण, मीठ बेताचं, आंबट काही नाही आणि वर भरपूर तेल. हवा बंद. या जंतूला हवं ते सगळं आपण आयतं दिलं. वाईट म्हणजे वास बदलत नाही, चव बदलत नाही. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर जीव जाऊ शकतो. डोळ्यांपुढं दोन-दोन दिसणं, पापण्या पडणं, जीभ जड होणं, गिळता न येणं अशी लक्षणं दिसली की घरगुती उपाय करत बसू नका, मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरला सांगा.

मग लसणाचं लोणचं करायचंच नाही का? करा, पण आंबट करा. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर इतकं घाला की पाकळ्या त्यात बुडतील, आठ दिवस त्यातच मुरू द्या, मीठ लोणच्याच्या प्रमाणात आणि मग मसाला-तेल. नुसता तेलातला लसूण किंवा ओली चटणी असेल तर फ्रिजमध्ये आणि आठवड्याच्या आत संपवायची. ओल्या मिरचीच्या ठेच्यालाही हाच नियम.

जत्रेचं मटण आणि चान्या

मांस टिकवण्याबद्दल मराठीत फार लिहिलं जात नाही, जणू ते कुणी करतच नव्हतं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. मिळेल तेव्हा मिळालेलं मांस पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर वाळवायचं आणि पुढं दुष्काळात, पावसाळ्यात पुरवून खायचं, या चान्यांना त्यामुळं छापील जागा मिळाली. फ्रिज नसलेल्या, रोज विकत घ्यायची ऐपत नसलेल्या माणसांनी काढलेली ही साठवण आहे आणि तिच्यात शास्त्र पक्कं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्येला बंदी आहे, त्यामुळं आता ज्या घरांत हे करतात तिथं म्हशीचं किंवा शेळी-बोकडाचं मांस असतं.

आपल्याकडच्या गावजत्रा चैत्र-वैशाखात येतात, म्हणजे ऐन कोरड्या उन्हात. मटण उरतंही तेव्हाच. वाळवायचं असेल तर ताज्याच, त्याच दिवशीच्या मटणाचं वाळवा, शिजवून उरलेल्याचं नाही. हाड आणि चरबी काढून टाका. चरबी वाळत नाही, खवटते आणि सगळ्याला वास लावते. करंगळीपेक्षा जाड नसलेल्या लांब पट्ट्या कापा. १ किलोला ५०-६० ग्रॅम मीठ आणि हळद चोळून तासभर ठेवा, सुटलेलं पाणी टाकून द्या. दोरीवर एकमेकींना चिकटणार नाहीत अशा टांगा, भोवती मच्छरदाणी लावा. सकाळी लवकर टांगल्या तर पहिल्याच दिवशी वरची बाजू कोरडी झाली पाहिजे. ढगाळ दिवशी हा उद्योग करूच नका. मांसात साधारण तीन भाग पाणी असतं, म्हणून किलोच्या जेमतेम ३०० ते ३५० ग्रॅम चान्या उतरतात. वाकवल्यावर मोडतील इतक्या कडक झाल्या की डब्यात भरा. पावसाळा लागला की डबा फ्रिजमध्ये ठेवणं शहाणपणाचं. खाताना भाजून, गरम पाण्यात भिजवून, रश्श्यात चांगल्या शिजवायच्या. कच्च्या चघळायच्या नाहीत.

मटणाच्या किंवा चिकनच्या लोणच्याला लसणाचाच नियम लावा. मांस तेलात परतून पाणी पूर्ण उडवायचं, लिंबू किंवा व्हिनेगर सढळ हातानं आणि तरीही फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडेच. इंटरनेटवर बघून काहीजण मांसाला सोरा लावायच्या गोष्टी करतात. कारखान्यात असली मिठं मोजून घालतात, घरात अंदाजानं घालणं म्हणजे विषाशी खेळ.

गोव्यात पावसाळ्याच्या साठवणीला पुरुमेंत म्हणतात आणि मेच्या शेवटी मडगावात त्याचं फेस्तच भरतं. सुकी मासळी, मिरची, आमसुलं तिथं घेतात. त्यांची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसात मीठ, मिरची आणि व्हिनेगर घालून सुकवलेली माळ, हीसुद्धा मीठ, आंबट आणि वाळवणं या तिन्हींवर उभी आहे. आपण घाटावरचे लोक सुकट-बोंबील कोकणातून घेतो. जून-जुलैत बोटी बंद असतात, म्हणून मेमध्येच घ्यावं. घेताना दाबून बघा, पोट मऊ लागलं किंवा गुलाबी-लाल डाग दिसले तर सोडून द्या. घरी आणून एक कडक ऊन परत द्या.

बाकीचं वर्ष

चिंच फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. बिया काढून, मीठ लावून गोळे करून ठेवले की दोन वर्षं हलत नाहीत, नुसता रंग काळा पडतो. हरभऱ्याचा कोवळा पाला थंडीत सावलीत वाळवून ठेवा, पावसाळ्यात भाजी नसते तेव्हा कामाला येतो. आवळा आणि लिंबू थंडीत. लिंबाच्या लोणच्याला तेल लागतच नाही, किलोला २०० ग्रॅम मीठ आणि महिनाभर धीर लागतो. कैरीच्या मुरंब्याला किसाच्या दीडपट साखर आणि दोनतारी पाक, एकतारीवर उतरवला तर पावसाळ्यात फसफसतो. गुळांबा मुळातच थोडा ओलसर असतो, म्हणून दिवाळीच्या आत संपवावा.

शेवटी बचत गटांसाठी. बायपासच्या कडेला किंवा भीमथडी जत्रेत घरचं लोणचं, पापड विकायचे असतील तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, छोट्या व्यवसायालाही. अर्ज फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनही भरता येतो, आधार आणि फोटो हाताशी ठेवा. बरणीवर वस्तूचं नाव, घटक, वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस चांगलं राहील, पत्ता आणि नोंदणी क्रमांक एवढं पाहिजे. प्रत्येक घाण्याची एक बरणी न विकता तारीख टाकून बाजूला ठेवत जा. ऑगस्टमध्ये कुणी लोणचं खराब निघालं म्हणून आलं, तर त्याच घाण्याची बरणी उघडून माल बिघडला की त्यांचा चमचा ओला होता हे दाखवता येतं.